पाणी द्यायच्या आधी माती हातात घे

भावा, ऊस नवीन केलायस म्हणून सांगतो, दर आठ दिवसांनी पाळी आली की मोटर चालू, असं करू नको. आपली जमीन काळी, वरनं भेगा दिसतात पण एक फुटावर ओल असते. त्यामुळं गिरमिट नायतर खुरप्यानं एक फूट आणि दीड फूट अशा दोन ठिकाणची माती काढ, मुठीत दाब. लाडू झाला आणि हाताला ओलसर लागला तर थांब, दोन दिवसांनी परत बघ. लाडू दाबताच फुटायला लागला की पाणी दे. वरची दोन इंच माती बघून काय कळत नाय.

बांधाजवळ एकाच जागी बघू नको, चढाला आणि खोलगट भागात दोन्हीकडं बघ.

टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतली ओल मोजायची पाण्यानं भरलेली नळी, घेतलास तर मुळांच्या खोलीला बसव, आकडा वाढला म्हणजे माती सुकतीय, आणि त्यातलं पाणी उतरलं की भर, नायतर चुकीचं दाखवतंय. मी पहिली २ वर्षं नुसतं भिजवत राहिलो, वाफसाच येईना, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही नीट राहीनात, मुळ्या काळ्या पडल्या. वाळवा, मिरजेकडं नदीकाठची किती रानं जादा पाण्यानं क्षारपड, म्हणजे मीठ वर येऊन नापीक, झालीत, बघवत नाय रे.