दहा वर्षांच्या मुलाला साडेअकराशिवाय झोपच येत नाही

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचळवळ) निदान झालं. मेथिलफेनिडेट चालू आहे, साधी गोळी. एक सकाळी शाळेत जाताना, दुसरी संध्याकाळी पाचला, क्लासच्या आधी. शाळेत फरक पडलाय, पण रात्र नकोशी होते. नऊला अंथरूण घालते. मग साडेअकरा-पावणेबारापर्यंत पाणी, शू, ‘आई, एकच सांगतो’, पाय चोळून दे. मी ओरडते, तो रडतो. सकाळी सव्वासहाला उठवताना पुन्हा रडारड. घर वन बीएचके आहे. तो आजीजवळ हॉलमध्ये झोपतो, तिथला टीव्ही साडेदहाला बंद होतो. मिस्टर लोकलने सव्वादहापर्यंत घरी येतात. सासूबाई म्हणतात, लाडावलाय, मुद्दाम करतो. शेजारच्यांनी मेलाटोनिनच्या गमीज सुचवल्यात. देऊ का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, सासूबाईंच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो मुद्दाम करत नाही. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांच्या शरीराचं घड्याळच मागे असतं. रात्र झाल्याची सूचना देणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात उशिरा तयार होऊ लागतं. नऊला आडवं केलं तरी झोप साडेअकरालाच येणार. मधले अडीच तास अंथरूण म्हणजे बोलणी खायची जागा, एवढंच तो रोज शिकतोय.

म्हणून माझं सांगणं तुम्हाला उलटं वाटेल. काही दिवस त्याला नऊला झोपवूच नका. झोप खरोखर लागते त्या वेळी, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला अंथरुणावर पाठवा. तोवर दिवा मंद, मोबाइल बंद आणि हाताला शांत काम द्या. चित्र रंगवू दे, दप्तर भरू दे, मटार सोलू दे. पडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायला लागली, की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. असं करत साडेनऊपर्यंत या. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून सव्वासहाच. रविवारी फार तर तासभर सूट. रविवारी दहापर्यंत लोळू दिलं, की त्या रात्रीची झोप लांबलीच. सकाळचं दूध गॅलरीत, उजेडात बसून पिऊ दे. त्या उजेडानेच हे घड्याळ हळूहळू अलीकडे सरकतं.

या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, त्याला जेमतेम साडेसहा मिळते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं. पाचवीत गेल्यावर झोपेची गरज एकदम कमी होत नाही, त्यामुळे हा नियम चौथीवर थांबावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचच्या गोळीकडे या. साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम साधारण चार तास टिकतो. पाचला घेतलेली गोळी नऊपर्यंत त्याला जागं ठेवू शकते. पण ती तुमच्या मनाने बंद करू नका. काही मुलं औषध उतरलं की जास्तच चळवळी होतात आणि थोड्यांना संध्याकाळच्या छोट्या डोसनेच शांत वाटतं. ती साडेतीन-चारला देता येईल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारा. क्लासची वेळ बदलावी लागली तरी हरकत नाही.

तुमच्या पत्रातलं ‘पाय चोळून दे’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उद्या रात्री त्याच्या पायांकडे नीट बघा. तो टाचा चादरीवर घासतो का? उठून चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा मुंग्या येतात, असं सांगतो का? ‘वाढीचे पाय दुखतात’ म्हणून आपण हे सोडून देतो. हा रेस्टलेस लेग्जचा त्रास असू शकतो आणि तो एडीएचडीच्या मुलांमध्ये बराच दिसतो. लोहाचा साठा कमी असला की तो वाढतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा कमी असू शकतो, म्हणून सीरम फेरिटिन तपासून घ्या. पायांचा असा त्रास असताना ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर मुलांना लोह द्यायचा विचार करतात. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. आजीबरोबर संध्याकाळी चहा घेत असेल तर तो बंद करा. चहाने झोपही उडते आणि अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही.

तो घोरत असेल किंवा तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) दाखवा. हे लांबणीवर टाकू नका.

आता घर. तो आत तुमच्या खोलीत झोपू दे. आजींच्या मालिका हॉलमध्ये चालू राहोत, आवाज कमी करून. बाबा आल्यावर उड्या-कुस्ती होत असणार, तेही साहजिक आहे, दिवसभरात तेवढीच भेट. ती भेट काढून घेऊ नका, सकाळी न्या. बाबांनी त्याला बसस्टॉपपर्यंत चालत सोडावं. वारंवार उठण्यावर एक उपाय करून बघा. रोज रात्री एक चिठ्ठी द्या. ती देऊन एकदाच बाहेर यायचं, पाण्याला किंवा मिठी मारायला. वापरली नाही तर सकाळी लगेच छोटंसं बक्षीस. या मुलांना आठवड्याच्या शेवटी मिळणाऱ्या बक्षिसाने काही होत नाही.

अशा सवयींच्या उपायांवर ऑस्ट्रेलियात ५ ते १२ वर्षांच्या २४४ एडीएचडी मुलांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पालकांना हे उपाय शिकवले, त्यांची झोप सुधारलीच, शिवाय एडीएचडीची लक्षणंही थोडी कमी झाली आणि हा फरक सहा महिन्यांनंतरही दिसला.

गमीज तुमच्या तुम्ही सुरू करू नका. मेलाटोनिनचा काही मुलांना खरंच उपयोग होतो, पण ते किती आणि किती वाजता द्यायचं यावर सगळं असतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध तर मुळीच देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त उधळतात.

दोन आठवडे एका वहीत लिहा : गोळी किती वाजता घेतली, कधी पडला, झोप कधी लागली, किती वेळा उठला, पाय दुखले का. घोरताना आणि पाय हलवताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. वही आणि व्हिडिओ घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या.