चौघांत कोण कोण घेऊ?

प्रश्न: बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळतोय, चौघांच्या टीममध्ये मी स्वतः फायटर (शस्त्राने लढणारा), सोबत लेझेल, कार्लाक आणि जादूगार गेल हे साथीदार. तरी प्रत्येक फाइटमध्ये कोणीतरी आडवं होतंच, काय करू?

उत्तर: अरे तू फायटर असताना परत लेझेल कशाला, तीही फायटरच! पडलेल्याला उठवणार कोण? तिच्या जागी शॅडोहार्ट ही क्लेरिक (जखमा भरणारी) घे, तिचा हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र लांबूनच लागतो आणि फक्त बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) खातो, म्हणजे त्याच टर्नला ती हल्लाही करते. तिचं ट्रिकरी डोमेन (क्लेरिकचा फसवाफसवीवर भर असलेला उपप्रकार) मला अजिबात पटत नाही, क्लास बदलून देणाऱ्या कॅम्पातल्या विदर्सला १०० गोल्ड दे आणि ते लाइफ (बरं करण्यावर भर असलेलं डोमेन) करून टाक. कुलपं, सापळे यांसाठी कार्लाकऐवजी ॲस्टेरियन हा रोग (चोर) घे. गेल राहू दे, पण मागे, उंचावर, वरून मारलं की अटॅक रोलला (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला) +२ मिळतात.