मी धावत नाही, खेळत नाही. टाच दुखते म्हणून स्पोर्ट्स पोडायट्रिस्टकडे जाण्यात अर्थ आहे का?

जा, बिनधास्त जा. तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, सात महिने टाच ठणकतेय, आणि जीपीने (फॅमिली डॉक्टरने) सुचवलेला पायांचा डॉक्टर, म्हणजे पोडायट्रिस्ट, नेमका ‘स्पोर्ट्स’वाला निघाला. माझंही असंच झालं होतं. पीटीच्या तासाला पोट दुखतंय सांगून वर्गात बसणारी मी, 46व्या वर्षी त्या दवाखान्यात शिरले तर भिंतीवर सह्या केलेल्या फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, जर्सी टांगलेल्या. परत फिरावं असंच वाटलं.

मी इथल्या एका मोठ्या स्वयंपाकघरात काम करते. आठ तासांची शिफ्ट, खाली काँक्रीटवर टाइल. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की जीव जायचा, चार पावलांनी सैल पडायचं आणि दुपारनंतर पुन्हा सुरू. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काटा दिसला. सांगलीहून फोनवर सगळ्यांनी निदान केलंच होतं, ‘हाड वाढलंय.’ आजाराचं नाव होतं प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, त्याचं दुखणं. काटा कित्येकांच्या एक्स-रेत असतो आणि त्यांना काहीही दुखत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आधी जिथे जिथे गेले तिथे एकच सल्ला मिळाला: आराम करा. मी कॅज्युअल, शिफ्ट घेतली नाही तर पगार नाही. आराम कुठून आणू?

फरक इथेच पडला. खेळाडूला ‘खेळ बंद’ सांगून चालत नाही, शनिवारी सामना असतो. त्यामुळे काम चालू ठेवून पाय कसा सुधारायचा, याच दिशेने हे स्पोर्ट्सवाले पोडायट्रिस्ट विचार करतात. माझ्या पोडायट्रिस्टने माझ्या शिफ्टचा हिशोब मांडला. आठवड्यात किती तास, सलग किती दिवस, जड ट्रॉली कोणत्या दिवशी, घरी गेल्यावर पायात काय? मी म्हटलं, घरी अनवाणी. तो म्हणाला, बाहेरचे बूट आत आणू नका, पण घरात घालायला एक वेगळी जाड तळाची जोडी ठेवा. आईला कळलं तर ती बोलणंच सोडेल. मी देवघरापुरती ती काढते, बाकी घरभर घालते. सलग तीन दिवसांच्या शिफ्टमध्ये एक सुट्टी घुसवायला मी मॅनेजरला विचारलं आणि ती मिळाली. त्याने पहिला फरक पडला.

मग तपासणी. भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला. माझा घोटा छान वाकला. आयुष्यभर उकिडवं बसल्याचा फायदा! म्हणजे मी चार महिने निष्ठेने पोटऱ्या ताणत होते, ते माझं मुख्य दुखणंच नव्हतं. नंतर एका पायाच्या चवड्यावर वर-खाली करायला लावलं. बरा माणूस वीसेक वेळा करतो. मी सहाव्याला थांबले. पोटरीत ताकदच नव्हती आणि त्या पायावर मी आठ तास काढत होते.

व्यायाम एकच दिला. जिन्याच्या पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, एका पायावर टाच उचलायची: तीन सेकंद वर, दोन थांबा, तीन खाली. एक दिवसाआड. बारा वेळा जमायला लागलं की वजन वाढवायचं. मी सॅकमध्ये पाच किलो आट्याची पिशवी घालून करायचे, मुलगा व्हिडिओ काढायचा. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलं तर मात्र एक पायरी मागे या, असा नियम. ही पद्धत डेन्मार्कमधल्या 48 रुग्णांच्या अभ्यासातून आलेली आहे. तीन महिन्यांनी ताणण्याच्या व्यायामापेक्षा हिचा गुण जास्त दिसला, वर्षभराने दोन्ही गट सारखेच. हे त्यानेच सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला.

त्याआधी दुसऱ्या एका क्लिनिकने पहिल्याच भेटीत मापाचे इनसोल (बुटाच्या आत घालायचे तळ) बनवायला काढले होते, कित्येक शे डॉलरचे. ह्याने तयार मिळणारे साधे घातले. ऑस्ट्रेलियातल्याच 135 जणांच्या चाचणीत (2006 साली प्रसिद्ध झालेल्या) तयार आणि मापाचे यांत खास फरक आढळला नव्हता, आणि वर्षाच्या शेवटी तर खोट्या इनसोलपेक्षाही फायदा उरला नव्हता. कोणी पहिल्याच दिवशी साचा घ्यायला लागलं तर ‘का?’ एवढं विचाराच.

मला पाच महिने लागले, भेटी चार. चमत्कार वगैरे नाही.

‘स्पोर्ट्स’ या शब्दाला मात्र भुलू नका. इथे पोडायट्रिस्टची नोंदणी असते, ती आप्राच्या (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बघता येते. पण नोंदणीत वेगळी स्पेशालिटी म्हणून फक्त पायाची शस्त्रक्रिया करणारे पोडायट्रिक सर्जन असतात, ‘स्पोर्ट्स’ हे ज्याने त्याने आपल्या आवडीवरून लावलेलं. शिवाय मधुमेह असेल, पाय बधिर वाटत असेल, जखम भरत नसेल तर तुमचा माणूस हा नव्हे. सासूबाई सोलापूरहून आल्या तेव्हा मी त्यांनाही तिथेच नेलं. त्याने नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून बघितला, दोन ठिकाणी त्यांना कळलंच नाही. त्यांना त्याने मधुमेही पायांच्या क्लिनिककडे पाठवलं. रात्री झोपेतही दुखत असेल, सूज असेल किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी जीपीला दाखवा, हाडाला चीर असू शकते.

पैशांचं: पोडायट्रिस्टकडे चिठ्ठीशिवाय जाता येतं. पण सहा महिन्यांहून जुनं दुखणं असेल तर जीपीला दीर्घकालीन आजाराच्या प्लॅनबद्दल विचारा, वर्षाला पाच भेटींपर्यंत मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) काही रक्कम परत देतं. तुमचे सात महिने झालेच आहेत.

आणि जाताना कामावरचे बूट पिशवीत घालून न्या, मळके असले तरी. मी लाजून नवे सँडल घालून गेले आणि पहिली अर्धी भेट वाया घालवली. दुसऱ्यांदा त्याने माझा काळा न घसरणारा बूट हातात घेऊन दाबला, तर तो मधोमध पोळीसारखा दुमडला. शिवाय अर्ध्या नंबराने लहान निघाला.