काडतुसांच्या झाडलेल्या पितळी पुंगळ्या रीलोडिंगआधी, म्हणजे पुन्हा भरण्याआधी, चिंचेने घासल्या तर चालतील का?

चालतील, पण चिंचेचा चोथा आत अडकतो आणि काढताना जीव जातो. त्यापेक्षा लिंबूसत्त्व बरं. लिटरभर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, वर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दहा-पंधरा मिनिटं. जास्त वेळ ठेवलंत तर पितळेतलं जस्त निघून पुंगळी गुलाबी पडते. आधी टोपी (बुडातला बार पेटवणारा प्रायमर) काढून घ्या, नाहीतर तिच्या खोबणीतली काजळी तशीच राहते.

अमोनियावालं पॉलिश मात्र अजिबात नको. ब्रिटिश काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना आपोआप भेगा पडायच्या. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, आणि ताणाखालच्या या पितळेला अमोनिया सोसत नाही.

धुतल्यावर वाळवणं हेच साताऱ्यात खरं दुखणं, जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? पंख्याखाली फडक्यावर पसरा. गॅसवर किंवा तव्यावर नको, बूड मऊ पडलं तर बार उडवताना फुटू शकतं.

टंबलर (पुंगळ्या घोळवून घासणारं यंत्र) असेल तर मक्याच्या बुरकुंडांचा भरडा घालून फिरवा, चकाकी येईल. चकाकी हौसेची, बुडाजवळची भेग शोधता येण्याइतकी स्वच्छता पुरे. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिसं असतं, म्हणून हातमोजे, मास्क, आणि स्वयंपाकाचं पातेलं वापरायचं नाही. घरचे ओरडतीलच, पण इथे त्यांचं बरोबर आहे.

परवाना आहे असं धरून लिहिलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत.