रिठी म्हणजे रिती नव्हे!

प्रश्न असा आलाय: नागपूरजवळ शेत पाहायला गेलेल्या एका गृहस्थांना सातबारावर मौज्याच्या, म्हणजे महसुली गावाच्या, नावापुढे कंसात 'रिठी' दिसलं. दलाल म्हणाला, "साहेब, रिठी म्हणजे रिती, रिकामी जागा. उद्या लेआऊट टाका." हे खरं का?

नाही. आणि हे 'रिती' मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत, भाषेवर व्याख्यानं देणाऱ्या एका सद्गृहस्थांनीही मला हेच ऐकवलं: 'रिक्त'पासून रिती, रितीची झाली रिठी. अहो, कशी झाली? 'क्त'चा मराठीत 'त' होतो. रिक्त-रिता, रक्त-राता, भक्त-भात, सक्तु-सातू. त्यात ठ कुठून घुसेल? ठ येतो तो 'ष्ट'मधून. दृष्टीची दिठी, मुष्टीची मूठ, षष्टीचे साठ. मग रिठीमागे कोण उभं असणार? रिष्ट! रिष् धातू, म्हणजे इजा होणं, नाश पावणं. गाव रिष्ट झालं, त्याची रिठी झाली.

इथवर कोणीही येईल. खरी गंमत पुढे आहे. अमरकोशात 'रिष्ट'चे तीन अर्थ दिलेत: क्षेम, अशुभ आणि अभाव. म्हणजे चांगलं, वाईट आणि काहीच नाही, सगळं एकाच शब्दात. 'अरिष्ट'चेही तसेच, शुभ आणि अशुभ दोन्ही. बाळंतिणीची खोली ती अरिष्ट, वैद्याच्या बाटलीतलं अशोकारिष्ट ते अरिष्ट, आणि घरावर कोसळतं तेही अरिष्टच. केस धुवायचा रिठा हाही 'अरिष्ट'च, पुढचा अ तेवढा गळाला. म्हणजे रिठा अरिष्टातून आला आणि रिठी रिष्टातून. मुळात एकमेकांच्या उलट असलेले दोन शब्द मराठीत येऊन सख्ख्या बहीणभावासारखे दिसायला लागले. त्यामुळे 'रिठ्याची झाडं होती म्हणून रिठी' असं सांगणारेही भेटतात. त्यांना माझा दुरून नमस्कार.

तर रिठी म्हणजे उजाड झालेलं गाव. माणसं गेली, नाव उरलं. नाव उरतं कारण सरकारला मौजा लागतो, आणि मौजा हा शब्द अरबीत नुसती 'जागा' सांगतो, माणसांबद्दल काही बोलत नाही. खसरे, म्हणजे शेतांचे नंबर, कायम, शेतसारा कायम. शेजारच्या गावचे लोक येऊन जमीन वाहतात आणि संध्याकाळी परत जातात. 1896-97 चा दुष्काळ, त्यावर लगेच 1899-1900 चा, मग 1918 चा इन्फ्लुएंझा. मध्य प्रांतातल्या दहा-पंधरा घरांच्या गावाला मोडायला यातलं एकही पुरेसं होतं. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या कुही-भिवापूरकडच्या गावांना मात्र रिठी म्हणू नका. ती बुडित. त्यांना सरकारनं उठवलं; रिठीतली माणसं आपल्या पायांनी गेली.

याच जातीचा दुसरा शब्द 'बेचिराग'. फारसी, बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही ते गाव. आम्ही त्याचं 'बेचिराख' केलं, त्यात राख पाहिली, आणि आता बातम्यांत गावं 'आगीत बेचिराख' होतात! दिवा नाही म्हणणारा शब्द आम्ही आग लावायला वापरतो. असो.

रिठी ओळखायची कशी? माझ्या आजोळच्या शेताला लागून एक होती. चिंचेची तीन झाडं, शेंदूर फासलेला मारोती, बाजूला पाळू फुटलेलं जातं. माती पांढुरकी, कारण गावठाणाची ती पांढरी आणि शेताची ती काळी. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती तिच्यात मुरलेली. खत म्हणून ती गाडीगाडीनं काळीत नेत, म्हणजे मेलेलं गाव जिवंत पिकाला घालत. पोळ्याला आजी सांगायची, "रिठीच्या मारोतीले तेल वाहून ये, तो एकटाच हाय थो." आणि पायाखाली खापरंच खापरं.

आता माझा लाडका तर्क. नागपूरजवळ खापरखेडा आहे, खापरी आहे. 'कुंभारांची गावं' म्हणून लोक मोकळे होतात. मग कुंभारखेडा का नाही म्हटलं? खापर म्हणजे काही गाडगं नव्हे, ते फुटक्या मडक्याचा तुकडा. नव्यानं वसायला आलेल्यांनी नांगर घातला, जुन्या रिठीची खापरं वर आली, आणि त्यांनी तेच नाव ठेवलं. पुरावा? नाही. पण कुंभारवाल्यांकडे तरी कुठे आहे?

हां, तुमचा प्रश्न. जागा रिती नाही, रिठी आहे. एवढं दलालाला सांगा. घ्यावी की नाही ते वकील सांगेल. घेतलीत आणि पाया खणताना खापरं निघाली, तर मला फोटो पाठवा. खापरीचं प्रकरण मला तडीस न्यायचंय.