बॅकअप क्लायंटचं पॅकेज करताना

बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरचं पॅकेज (इन्स्टॉल करायची तयार फाइल) करायला घेतलंस, तर आधी क्लायंट वेगळा काढ. ज्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा, तिथे फक्त फाइल डीमन, म्हणजे फाइली वाचून पाठवणारा क्लायंट प्रोग्राम, लागतो. सगळे बॅकअप चालवणारा डायरेक्टर आणि त्याच्यामागून येणारा डेटाबेस तिथे कशाला?

खरी काळजी डायरेक्टर ज्यानं क्लायंटशी जोडला जातो त्या पासवर्डची. तो पॅकेजमध्ये अजिबात घालू नकोस, नाहीतर सगळ्या मशीनना एकच किल्ली लागेल. इन्स्टॉल होताना प्रत्येक मशीनवर नवा तयार कर आणि तो ज्या फाइलमध्ये आहे ती इतरांना वाचता येणार नाही असं बघ.

आरपीएम (रेड हॅटसारख्या लिनक्सचं पॅकेज) असेल तर कॉन्फिग फाइलला, म्हणजे सेटिंगच्या फाइलला, 'नोरिप्लेस' ही खूण लावच; मग अपडेट बदललेली फाइल जागेवरच ठेवतं. मी एकदा विसरलो होतो. अपडेटनं आमच्या सेटिंग बाजूला सारल्या, रात्रीचे बॅकअप बंद पडले आणि आम्हाला कळलं चार दिवसांनी!

फायरवॉलमध्ये फाइल डीमनचं ९१०२ पोर्ट उघड, पण फक्त डायरेक्टरसाठी.