जुनं इंजिन आणि सुपरचार्जर: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सुपरचार्जरबद्दल, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. बहुतेकांनी विचारलंय ते एवढंच की पॉवर किती वाढेल. पेट्रोल आणि टायमिंगचं (ठिणगी कधी द्यायची त्याचं) विचारणारे अगदी थोडे, आणि जुनी इंजिनं मरतात ती नेमकी तिथेच, म्हणून उत्तरं देताना मी तिकडे जास्त वळलोय.

प्रश्न: दादा, माझ्याकडे १६०० सीसीची जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) ८.८. इंजिन आजपर्यंत कधी खोललेलं नाही, मस्त चालते. मिनी कूपर एस मधून काढलेला ईटन एम४५ सुपरचार्जर मिळतोय. घेऊ का? बूस्ट (सुपरचार्जरने चढवलेला जास्तीचा दाब) किती ठेवू?

साईझ तुम्ही बरोबर निवडलाय. एम४५ मधला ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच हवा, साधारण पाऊण लिटर. तुमचं इंजिन दोन फेऱ्यांत १.६ लिटर ओढतं म्हणजे एका फेऱ्याला ०.८, तेही कागदावर, जुन्या हेडमधून प्रत्यक्षात ०.७ च्या आसपासच जाते. क्रँकच्या एका फेऱ्याला सुपरचार्जरचे १.३ फेरे होतील अशा पुल्या लावल्या, म्हणजे क्रँकवर १३० मिमी आणि सुपरचार्जरवर १००, तर इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नसताना ५-६ पीएसआय (दाबाचं माप, पाउंड प्रति चौरस इंच) बूस्ट मिळावा. इंटरकूलर लावलात तर तेवढ्याच बूस्टला १.५ च्या आसपास जावं लागेल, कारण हवा थंड झाली की आकसते आणि गेज खाली येतो. गेज खाली आला म्हणून नाराज होऊ नका, सिलिंडरमध्ये हवा जास्तच गेलेली असते.

६ पीएसआयचा हिशोब सांगतो. वातावरणाचा दाब १४.७, त्यात ६ मिळवले की दाब १.४१ पट होतो, मग लोक धरून चालतात की ४१ टक्के पॉवर वाढली. तसं होत नाही. ३० अंशांची हवा एवढी दाबली की आदर्श परिस्थितीतसुद्धा ६० च्या पुढे जाते, आणि एम४५ सारखा रूट्स टाईपचा ब्लोअर (दोन रोटरनी हवा ढकलणारा सुपरचार्जर) आदर्शापासून बराच लांब असतो त्यामुळे ८५ अंशांच्या आसपास धरा. गरम हवा विरळ, म्हणजे इंटरकूलर नसेल तर जास्तीची हवा विसेक टक्के, चांगला इंटरकूलर असेल तर तीस. त्यातून पुन्हा सुपरचार्जर फिरवायला ८-१० हॉर्सपॉवर बेल्टवरून जातात. तरीसुद्धा खालच्या आरपीएमला जो पिकअप येतो तो फार छान असतो, माझा विरोध अजिबात नाही, फक्त आकडे खरे धरून चला.

आता "कधी खोललेलं नाही" याबद्दल. ही जमेची बाजू समजू नका. सुपरचार्जर विकत घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरा-सिलिंडरात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. फरक आलाच तर लीक-डाउन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून, ती कुठून सुटतेय ते कान लावून ऐका. ऑईल भरायच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं काहीही निघालं तर आधी इंजिन बांधून घ्या. आणि बांधताय तर तेव्हाच चांगलं मल्टी-लेयर स्टील गॅस्केट, हेडचे बोल्ट नवीन, आणि रिंगांचा गॅप बूस्टसाठी पिस्टन बनवणाऱ्याने दिलाय तेवढा, साध्या इंजिनापेक्षा थोडा जास्तच असतो तो. गॅप कमी पडला की रिंग गरम होऊन टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कड तुटते.

मिनीच्या सुपरचार्जरची एक खास गोष्ट, त्या गाडीत वॉटर पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरून फिरतो. तुमच्या गाडीत पंप वेगळा आहे, मग मागच्या गिअरचं आणि त्या तोंडाचं काय करायचं ते आधी ठरवा, आणि पुढचं-मागचं दोन्ही ठिकाणचं ऑईल काढून बघा, वापरलेल्या युनिटमध्ये मागचं बऱ्याचदा संपलेलं असतं. त्यात इंजिन ऑईल ओतू नका, सुपरचार्जरचं वेगळंच ऑईल येतं. पुली हाताने फिरवून बघा, खरखर किंवा बेअरिंगला खेळ जाणवला तर ते युनिट सोडून द्या.

प्रश्न: रूट्स घ्यावा की सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारखं चाक फिरवून हवा दाबणारा)? गाडी २००० सीसी, इंजेक्शनवाली, १९९० च्या आसपासची.

रूट्स हे डिझाईन कारपेक्षाही जुनं, रूट्स बंधूंचं पेटंट १८६० चं, तेव्हा ते कारखान्यात हवा ढकलायला होतं. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जरच्या गाड्या लोकांसमोर आणल्या आणि १९२३ ला मोंझाच्या इटालियन ग्रां प्रीमध्ये सुपरचार्ज्ड फियाट जिंकली, त्यानंतर रेसिंगवाले मागे वळलेच नाहीत. रूट्स आतमध्ये हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, दाब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) तयार होतो, म्हणून बूस्ट वाढवला की तो फार तापतो. ट्विन-स्क्रू (एकमेकांत फिरणाऱ्या दोन स्क्रूंचा प्रकार) आतच दाबतो त्यामुळे कमी तापतो.

सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० ला ८ पीएसआय देणारा ३००० ला जेमतेम २ देतो. शहरात चालवताना पिकअप हवा असेल तर हे निराश करणारं आहे, पण जुन्या इंजिनाला मात्र हे मानवतं, कारण कमी आरपीएम आणि जोराचा बूस्ट हीच नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटण्याची) सगळ्यात वाईट जागा असते आणि तिथे सेंट्रिफ्यूगल गप्प असतो. शिवाय तो बाजूला बसतो, इनटेक मॅनिफोल्ड नवीन बनवावं लागत नाही, मध्ये इंटरकूलर टाकायला जागा मिळते. इंजिन न खोलता लावायचं असेल तर मी सेंट्रिफ्यूगल म्हणेन. इंजिन नवीन बांधलेलं असेल तर रूट्स, आणि सोबत बायपास व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे रमतगमत चालवताना हवा गोल फिरत राहते आणि अ‍ॅव्हरेज फार पडत नाही.

प्रश्न: कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी ठेवायचा की नंतर? दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

दोन्ही चालतं, भानगडी वेगळ्या आहेत. आधी ठेवलात तर सुपरचार्जर कार्बोरेटरमधून हवा ओढतो, कार्बोरेटरला बूस्ट माहीतच नसतो त्यामुळे त्याच्यात फारसे बदल लागत नाहीत, आणि पेट्रोलची वाफ होताना हवा थोडी थंडही होते. पण मग पेट्रोल-हवेचं मिश्रण सुपरचार्जर आणि सगळ्या पाईपमध्ये भरलेलं असतं, एखादा बॅकफायर मागे आला तर मोठा भडका होतो. यात इंटरकूलर लावायचा नाही, आणि मिश्रणाचा रस्ता जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवायचा.

नंतर ठेवलात तर कार्बोरेटरच बूस्टमध्ये बसतो. थ्रॉटलच्या शाफ्टमधून हवा सुटते ती सील करावी लागते, फ्लोट चेंबरला बूस्टची नळी द्यावी लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेट्रोलचा दाब बूस्टसोबत वाढला पाहिजे. जुना मेकॅनिकल पंप ४ पीएसआय देतो, समोरून ६ पीएसआय बूस्ट येतोय, मग पेट्रोल पुढे जाणार कसं? गाडी खाली छान चालेल आणि पाय पूर्ण दाबला की नेमकी त्याच वेळी लीन होईल, म्हणजे पेट्रोल कमी पडेल. इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टची नळी लावलेला रेग्युलेटर, याला पर्याय नाही. एवढं करायची तयारी नसेल तर कार्बोरेटर आधीच ठेवा.

प्रश्न: बूस्ट ५ च आहे. मेकॅनिक म्हणतो डिस्ट्रिब्युटरला हात लावायची गरज नाही, ऑक्टेन बूस्टर टाका. बरोबर आहे का?

नाही, आणि कृपा करून असं चालवू नका. जास्त दाबलेलं मिश्रण लवकर जळतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते. सर्वसाधारण हिशोब असा की दर १ पीएसआय बूस्टला सुमारे १ डिग्री टायमिंग मागे. पण नुसता डिस्ट्रिब्युटर ५ डिग्री फिरवून ठेवला तर बूस्ट नसतानाही टायमिंग मागेच राहतं, गाडी मंद होते, एक्झॉस्ट तापतो. म्हणून बूस्ट बघून टायमिंग मागे घेणारं इग्निशन मॉड्यूल किंवा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेलं प्रोग्रॅमेबल इग्निशन लावा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या डबीचीही नळी बघा, ती व्हॅक्यूमसाठी बनलेली आहे, तिच्यात बूस्ट शिरला तर पडदा फाटतो.

नॉकिंग म्हणजे ठिणगीच्या ज्वालेने जळायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. दाबाचा तडाखा इतका अचानक असतो की पिस्टनच्या माथ्याला चिकटून असलेला थंड हवेचा पातळ थर निघून जातो, मग ॲल्युमिनियम थेट ज्वालेला लागतं. साध्या इंजिनात थोडं पिंगिंग वर्षानुवर्षं चालून जातं, बूस्टवर ते एका चढावात पिस्टन फोडू शकतं, आणि ब्लोअरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. मिश्रण पूर्ण बूस्टला ११.५ ते १२.५ च्या दरम्यान हवं (वजनाने एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा), आणि ते अंदाजाने कळत नाही, वाईडबँड ऑक्सिजन सेन्सर लावावाच लागतो. प्लग एक नंबर थंड घ्या, गॅप १ मिमी असेल तर ०.७ करा, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला कॉईलला जास्त जोर लागतो आणि मोठ्या गॅपला ती विझते.

प्रश्न: ऑनलाईन १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक सुपरचार्जर मिळतो, एअर फिल्टरच्या पाईपमध्ये बसतो. उपयोग होतो का?

नाही. वरच्या १६०० सीसीच्या इंजिनाला ६००० आरपीएमला ६ पीएसआय द्यायला सुमारे ६ किलोवॅट लागतात, १२ व्होल्टवर ते ५०० अँपिअर झाले. तो पंखा जेमतेम काही अँपिअर खातो. खरे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आहेत, ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये दिला, पण त्यासाठी गाडीत वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणा टाकली. पाईपमधला पंखा उलट हवेला अडवतो.

प्रश्न: सुपरचार्जर बसवून झाला, गाडी सुसाट आहे, पण डिपस्टिक आपोआप वर येते, टॅपेट कव्हरमधून ऑईल गळतंय, आणि कधीकधी ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. इंजिन गेलं का?

बहुधा नाही, पण ब्रेकचं नीट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. दोन्हीचं मूळ मॅनिफोल्डमध्येच असावं. पूर्वी तिथे नेहमी व्हॅक्यूम असायचा, त्याच्या भरवशावर क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या, क्रँक आणि ऑईलच्या भागाचा) धूर ओढणारी नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी जोडलेली आहे. आता तिथे दाब येतो, तो उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑईल मिळेल तिथून बाहेर फेकतो. क्रँककेसच्या नळीला बूस्ट सहन करणारा वन-वे व्हॉल्व्ह टाका, आणि बूस्टमध्ये धूर बाहेर जायला दुसरी वाट द्या, कॅच कॅनमधून (धुरातलं ऑईल अडवणाऱ्या डब्यातून) सुपरचार्जरच्या आधीच्या पाईपला. एवढं करूनही ऑईल येत राहिलं तर मग रिंगा.

ब्रेक बूस्टरला वन-वे व्हॉल्व्ह कंपनीचाच असतो, पण इतक्या वर्षांत त्याचं रबर गेलेलं असतं. नवीन टाका, नळीला दोन्हीकडे क्लॅम्प लावा. मग इंजिन चालू करून बंद करा, थोडं थांबा आणि ब्रेक दाबा, पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर व्हॅक्यूम टिकत नाहीये, आणि व्हॉल्व्ह नवा असून असं होत असेल तर बूस्टरचा पडदाच तपासावा लागेल.

प्रश्न: बाबांची जुनी गाडी आहे, कॉम्प्रेशन १०.५. सुपरचार्जरसाठी जाड हेड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन कमी करता येईल असं वाचलं. करू का?

ताई, येईल, पण मला ते आवडत नाही. पिस्टन वर आल्यावर माथा आणि हेड यांच्यातली फट चिंचोळी असते, तिथून मिश्रण जोरात मध्ये फेकलं जातं आणि नीट ढवळतं. जाड गॅस्केटने ती फट वाढते, म्हणजे कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉकिंगची शक्यता हवी तेवढी कमी होत नाही. खोलगट माथ्याचे फोर्ज्ड पिस्टन हा सरळ मार्ग. बाबांच्या गाडीचं मूळ इंजिन तसंच जपायचं असेल तर ते काढून बाजूला ठेवा आणि त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन या कामाला घ्या.

प्रश्न: ४५०० आरपीएमपर्यंत बूस्ट बरोबर येतो, पुढे हळूहळू पडतो. सुपरचार्जर खराब?

आधी बेल्ट बघा. जुन्या गाडीचा व्ही-बेल्ट हा भार घेत नाही, सहा रिबांचा पॉली-व्ही आणि पुल्या लागतात. तो असूनही घसरत असेल तर छोट्या पुलीला बेल्टचा वेढा कमी पडतोय, अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वेढा बसेल असा आयडलर (बेल्ट वळवणारी मधली पुली) हलवा. नुसता ताण वाढवून बघू नका, त्याने वॉटर पंप आणि अल्टरनेटरचे बेअरिंग जातात. क्रँक पुलीचं मधलं रबरही तपासा, ते सुटलं असेल तर बाहेरची कडी आतल्यावर घसरते आणि बेल्ट निर्दोष असूनही बूस्ट पडतो. खडूने आत-बाहेर एक सरळ रेघ मारा, एक जोरदार फेरी मारून या, रेघ तुटलेली दिसली तर पुली बदला.